वीतभर माती

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी एक पाहुणी आली आणि कोजागरीनंतर चार दिवसांनी गेली. येताना ती एका काठीवर बसून आली. काठीचे दुसरे टोक आठवीतल्या एका मुलाच्या हातात होते. तो ती काठी देवाची पालखी न्यावी तशी दोन्ही हातांनी धरून, पाय न आपटता चालत होता. त्याच्या मागे शाळेतली दहा-बारा पोरे होती, पण चार हात अंतर राखून.

"गुरुजी, इले पोरं गोटे मारत होते," तो म्हणाला. "सडकेच्या काठावर होती. सोडली तर मारतीन."

काठीवर एक सरडा होता. पण कुंपणावर मान डोलावत बसणारा आपला नेहमीचा सरडा नव्हे. हा हिरवा, अंगाने दोन्ही बाजूंनी चेपलेला, डोक्यावर शिपायाच्या टोपीसारखा उंचवटा असलेला आणि शेपूट घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळून बसलेला. इंग्रजीत ज्याला शॅमेलिऑन म्हणतात आणि मराठीत सरडगुहिरा हे नाव आहे, तो हा. जगात याचे दोनशेच्या आसपास भाऊबंद आहेत, पण ते बहुतेक आफ्रिकेत आणि मादागास्कर बेटावर. आपल्या देशात त्यांची एकच शाखा आहे. ती द्वीपकल्पाच्या रानांत आणि पलीकडे श्रीलंकेत सापडते. सूरजागडच्या पायथ्याशी इतकी वर्षे काढूनही मी तो फार तर दोन-तीनदा पाहिला होता. तो दुर्मिळ आहे म्हणून नव्हे. पाने दिसली की आपण पानेच पाहतो म्हणून.

मी त्याला 'तो' म्हणत होतो. 'ती' आहे हे मला पुढे कळले, आणि तेही माझ्या हुशारीने नव्हे.

मराठी भाषेने सरड्याला कधी न्याय दिलेला नाही. माणसाने शब्द फिरवला की आपण म्हणतो, सरड्यासारखा रंग बदलला. एखाद्याचा आवाका थोडा असला की म्हणतो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. वास्तविक हा प्राणी लबाडीसाठी रंग बदलतच नाही. ऊन हवे असले की तो काळवंडतो, रागावला की त्याच्या अंगावर ठिपके उठतात, निवांत झोपला की तो फिका पडतो. म्हणजे त्याच्या मनात असते ते त्याच्या अंगावर दिसते. इतके प्रामाणिक तोंड माणसाला मिळाले असते तर निम्म्या कादंबऱ्या लिहाव्याच लागल्या नसत्या. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या एका जातीवर काम करून दाखवले की, त्यांच्या कातडीतल्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. त्या स्फटिकांमधले अंतर कमी-जास्त झाले की परत फिरणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. हे वाचल्यापासून मी वर्गात 'सरड्यासारखा रंग बदलणे' हा वाक्प्रचार शिकवताना थोडा अडखळतो.

तर ती काठी मी व्हरांड्यातल्या खुंटीला बांधली, आणि "दोन दिवस राहू दे, मग सोडू," असे मुलांना सांगितले. मास्तरांच्या तोंडचे हे वाक्य पोरांनी खरे मानले. मीही मानले होते.

राहायला जागा हवी म्हणून मी कपाटातून मच्छरदाणी काढली. आमच्या जिल्ह्यात हिवतापाचा जोर मोठा, त्यामुळे औषध लावलेल्या मच्छरदाण्या घरोघर असतात. मी ती टांगणार तोच ही स्वयंपाकघरातून आली.

"अहो, त्याले डास मारायचं औषध लावलं आहे. याच्यात किडा मरते, मग हा का जगते?"

ती मच्छरदाणी परत कपाटात गेली. हिने आपले एक जुने नऊवारी पातळ काढून दिले. ते जांबाच्या झाडाच्या एका फांदीभोवती लपेटून आम्ही एक हवेशीर खोली केली. नाकतोड्यांना तोटा नव्हता. धान निसवले होते आणि पोरांना सुट्टीत दुसरा उद्योग नव्हता. प्रश्न पाण्याचा पडला. वाटीत ठेवलेले पाणी पाहुणीने दोन दिवस पाहिलेही नाही. हा प्राणी साचलेले पाणी पीत नाही, पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो, हे मला पुस्तकात सापडेपर्यंत हिने उपाय काढलाही होता. महादेवाच्या पिंडीवर असते तशी गळती तिने एका डब्याला भोक पाडून केली आणि ती फांदीवर टांगली. थेंब पानावर पडला, पानावरून टोकाला आला. पाहुणीचा एक डोळा थेंबाकडे वळला आणि दुसरा आमच्याकडेच राहिला. मग ती प्याली. खूप वेळ प्याली.

हे दोन डोळे पाहून मला पहिले काही दिवस फार संकोच वाटे. एक डोळा माशीचा हिशेब करीत असतो आणि दुसरा तुमचा. तिची जीभ तिच्या अंगाहून लांब. ती सुटलेली दिसत नाही, फक्त नाकतोडा होता तिथे नसतो. बोटे दोन आणि तीन अशी जोडलेली, चिमट्यासारखी. चालताना एक पाऊल पुढे टाकायचे, वाऱ्यावर पान हलावे तसे मागेपुढे झुलायचे, मग विचार करून दुसरे टाकायचे. अशी चाल मी सरकारी कागदाखेरीज कोणाची पाहिलेली नाही.

दोन दिवसांचे पाच झाले, पाचाचे दहा. पाहुणी जाड होऊ लागली. आपल्या पाहुणचाराचे हे फळ आहे अशी माझी समजूत झाली आणि ती मी शेजाऱ्यांनाही बोलून दाखवली. एका सकाळी उजेडासमोर फांदीवर बसलेली असताना तिच्या कुशीला ओळीने बारीक उंचवटे दिसले, पोत्यात भुईमुगाच्या शेंगा भराव्यात तसे. मी हिला बोलावले. ती क्षणभर पाहून म्हणाली, "जाडी नाही झाली ती. पोटुशी आहे." आणि मग हसून, "तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना?"

टोमणा खरा होता. कादंबऱ्यांत मी बाळंतपणे पुष्कळ लिहिली आहेत. पण ती सगळी दाराबाहेर येरझारा घालणाऱ्या नवऱ्याच्या नजरेने. दाराआड काय होते ते मी कधी लिहिले नाही, कारण मी तिथे नव्हतो.

त्या दिवसापासून घरात डोहाळे सुरू झाले. हिने अंड्यांची टरफले वाळवून, कुटून, त्यांची पूड नाकतोड्यांवर भुरभुरली. अंड्याला चुना लागतो, तो आईच्या हाडांतून जातो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. पाहुणी पहिले दोन दिवस बकाबका खात राहिली. तिसऱ्या दिवशी तिने खाणे सोडले. चौथ्या दिवशी ती फांदी सोडून खाली उतरली.

ही गोष्ट लहान वाटेल, पण तिच्या दृष्टीने ती लहान नव्हती. ज्या प्राण्याचे हातपाय केवळ फांदी धरण्यासाठी घडले आहेत, ज्याला जमिनीवर धड पळता येत नाही, कुत्रे, मुंगूस, साप, कोंबडीसुद्धा ज्याचा काळ आहे, तो आपण होऊन जमिनीवर येतो तो एकाच कामासाठी. मादीला अंडी मातीत घालावी लागतात. ती स्वतः बीळ खणते, त्यात दहा-वीस, कधी तीसही अंडी घालते, माती लोटून ती बुजवते आणि निघून जाते. मनासारखी जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटात धरून ठेवते. फार काळ धरून ठेवली तर मरते.

हे शेवटचे वाक्य मी वाचले तेव्हा ती आमच्या सिमेंटच्या ओट्याच्या कोपऱ्यात पुढच्या पायांनी खरवडत होती. सिमेंटवर नखांचा आवाज होत होता. तो आवाज इतका बारीक होता की इतर वेळी ऐकू आला नसता.

मी धावपळ केली. अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये दोन टोपल्या माती भरली, पाणी शिंपडले, तिला आत ठेवले. तिने माती हुंगल्यासारखे केले, दोन-चार वेळा पाय मारले आणि ड्रमच्या कडेने फिरू लागली. पुन्हा पाय मारले, पुन्हा फिरली. ओळखीच्या एका पशुवैद्यांना मी फोन केला. ते भला माणूस. म्हणाले, "गुरुजी, मी बैल पाहतो, बकरी पाहतो, कोंबडी पाहतो. सरड्याची नाडी मला कळत नाही. पण एक सांगतो, अंडे अडलेल्या कोंबडीभोवती आम्ही गर्दी करू देत नाही." मी फोन ठेवून मागे पाहिले. ड्रमभोवती चौदा मुले आणि दोन शेजारी उभे होते.

त्याच संध्याकाळी मी वनरक्षकाला स्वतः जाऊन सगळे सांगितले. खरे तर हे पहिल्याच दिवशी करायचे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. मला ते ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. ठाऊक करून घ्यायचे नव्हते. तो तरुण मुलगा माझ्यावर रागावला नाही. "जिथली तिथं सोडा, गुरुजी," एवढेच म्हणाला. "आणि लवकर."

मनात एकदा हेमलकसा येऊन गेले. तिथे १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि पुढे डॉ. प्रकाश आमट्यांनी शिकारीत आई गमावलेल्या पिल्लांना आपल्या घरात घेतले. त्यातून प्राण्यांचे एक अनाथालयच उभे राहिले. पण ती पिल्ले खरोखर अनाथ होती. आमच्या पाहुणीला कोणी अनाथ केले नव्हते. तिला परकी केली होती ती मी, आणि तेही कौतुकाने. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे तिला टोपलीत घालून, तो मुलगा आणि मी, ती जिथे सापडली त्या जागी गेलो.

जागा होती, पण झुडूप नव्हते. सडक रुंद होत होती. तीन आठवड्यांपूर्वी जिथे रानतुळस आणि घाणेरीची जाळी होती तिथे मुरूम पसरून दाबला होता. मी टाचेने उकरून पाहिले, टाच दुखली. पलीकडची उरलेली झाडे मुळापासून शेंड्यापर्यंत तांबडी झाली होती, पानांचा हिरवा रंग पुसला गेला होता. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात खनिजाने भरलेले ट्रक एकामागून एक गेले.

सूरजागडच्या डोंगरात लोखंड आहे हे फार जुने ज्ञान आहे. इथल्या माडिया लोकांचा ठाकूरदेव त्याच डोंगरावर आहे आणि जानेवारीत त्याची जत्रा भरते. २००७ साली तिथे खाणीचा पट्टा मंजूर झाला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी एका दिवसात खाणीवरची पाऊणशेहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून काम पुन्हा जोराने सुरू झाले. या गोष्टींवर मी बोलत नाही. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे वडील त्या ट्रकांवर आहेत, काहींचे वडील जत्रेला डोंगर चढतात, आणि दोन-चार घरे अशी आहेत की एकच बाप दोन्ही करतो. पण त्या पहाटे टोपली हातात घेऊन उभा असताना एक हिशेब मनात आल्यावाचून राहिला नाही. दररोज ट्रकामागून ट्रक भरून डोंगर खाली जात होता, आणि मी एका सरड्यासाठी वीतभर मऊ माती शोधत होतो.

आम्ही परत आलो. ही ओट्यावर बसली होती. मी म्हणालो, "आणखी एक दिवस ड्रममध्ये पाहू. थोडी रेती मिसळतो."

ती बराच वेळ बोलली नाही. मग टोपलीवरचे फडके सारखे करीत म्हणाली, "तिले माती पाहिजे म्हणून नाही अडली ती. तिले कोणी पाहत नसलं पाहिजे. बाईले आधी जागा लागते."

आमचे पहिले मूल पावसाळ्यात झाले. वीस वर्षे होऊन गेली. आम्ही तेव्हा आणखी आत, एका लहान गावी होतो. कळा सुरू झाल्यावर चार जणांनी हिला खाटेवर घालून सडकेपर्यंत न्यायचे ठरवले, आणि वाटेतला नाला चढलेला निघाला. अडीच तास खाट काठावर होती. वरून पाऊस, भोवती माणसे. सगळी मदतीला आलेली, सगळी चांगली. मी नाल्याकडे पाहत उभा होतो, पाणी उतरते का म्हणून. ती मुलगी हाती लागली नाही. त्यानंतर आम्हाला दोन मुलगे झाले, ते आता शिकायला बाहेर आहेत. त्या अडीच तासांविषयी ही मला कधी काही बोलली नव्हती, आणि मी कधी विचारले नव्हते. 'बाईला आधी जागा लागते' एवढे ती वीस वर्षांनी बोलली, तेही एका सरड्याच्या निमित्ताने.

मुलाने तेवढ्यात तोंड उघडले. त्यांच्या शेताच्या बांधावर, बोरीच्या झुडपाखाली माती भुसभुशीत असते. नांगर तिथवर येत नाही. धान कापायला अजून आठ दिवस होते, तोवर तिकडे कोणी फिरकत नाही. "माझा बाबा म्हणते, हे जनावर तिथंच उतरते." इतके दिवस हे का सांगितले नाहीस, असे मी विचारले. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही, गुरुजी."

मी पुन्हा वनरक्षकाकडे गेलो. त्याने स्वतः येऊन बांध पाहिला आणि मान डोलावली. पाहुणीला आम्ही ऊन वर येण्याआधी बोरीच्या फांदीवर सोडले आणि वीस-पंचवीस पावलांवर मोहाच्या झाडामागे जाऊन बसलो. मुलगा, ही आणि मी. बाकी पोरांना हिने दटावून घरी ठेवले होते.

दुपारपर्यंत काही झाले नाही. ती फांदीवर बसून राहिली, इतकी की माझी नजर हटली की ती मला पुन्हा सापडेना. दुपार कलली आणि ती उतरली. एका ठिकाणी पाय मारून पाहिले, सोडले. दुसरे पाहिले, सोडले. तिसऱ्या ठिकाणी, बोरीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर, तिने खणायला सुरुवात केली. पुढच्या पायांनी माती सैल करायची, मागच्यांनी ढकलायची. फांदी धरायला केलेली ती चिमट्यासारखी बोटे माती उकरायला किती गैरसोयीची! पण ती थांबत नव्हती. डोके आत गेले, मग खांदे, मग फक्त शेपूट बाहेर. अधूनमधून ती बाहेर येऊन दोन डोळ्यांनी दोन दिशा पाहून घेई आणि पुन्हा आत जाई. शेवटी ती वळली आणि पाठमोरी आत शिरली. तोंड तेवढे बाहेर राहिले, मातीने माखलेले. मग ती हलली नाही.

किती वेळ गेला ते मी पाहिले नाही. घड्याळ हातात होते, पण पाहावेसे वाटले नाही. दूर सडकेवरून ट्रकांची घरघर येत होती. वाऱ्याने धान सळसळत होते. माझे पाय मुंग्यांनी भरून आले. माझ्या शेजारी ही गुडघ्यांना मिठी मारून बसली होती आणि तिने मघापासून एक शब्द काढला नव्हता.

दिवस मावळता मावळता पाहुणी बाहेर आली. ती ओळखू येत नव्हती. कुशी आत गेलेल्या, कातडीला सुरकुत्या, अंगाचा रंग वाळल्या पानासारखा. मला वाटले आता ती फांदीवर जाईल. पण तिने मागे वळून माती लोटायला सुरुवात केली. जेवढी काढली होती तेवढी सगळी आत ढकलली, पायांनी दाबली, पुन्हा ढकलली, पुन्हा दाबली. काम पुरे होईपर्यंत पार अंधारून आले. मग ती एक पाऊल टाकीत, झुलत, विचार करीत बोरीवर चढली.

ही उठली. बरोबर आणलेल्या तांब्यातले पाणी तिने बोरीच्या पानांवर हलकेच शिंपडले आणि मागे सरली. परत येताना वाटेत म्हणाली, "हिले कोणी घाई केली नाही, बरं झालं." मी काही बोललो नाही. पण त्या रात्री मी विचारले. वीस वर्षांपूर्वी विचारायचे होते ते. आम्ही उजाडेपर्यंत बोलत होतो. त्यातले काहीही मी इथे लिहिणार नाही, आणि कादंबरीतही लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी बोरीवर पाहुणी नव्हती, किंवा असेलही आणि आम्हाला दिसली नसेल. मुलाने त्या जागेभोवती बोरीच्या काटेरी फांद्या रोवल्या. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, इथे सरड्यासाठी कुंपणच चालून आले. त्याच्या वडिलांनी धान कापताना त्या कोपऱ्यातल्या चार ओळी सगळ्यात शेवटी कापल्या.

ही अंडी मातीत महिनोन् महिने राहतात. आई बघायला येत नाही. मादागास्करमध्ये तर या कुळातली एक जात अशी आहे की ती आयुष्याचे आठ-नऊ महिने अंड्यात काढते आणि बाहेर येऊन चार-पाच महिन्यांत मोठी होऊन, अंडी घालून मरूनही जाते. म्हणजे तिचे बहुतेक आयुष्य मातीखालीच होते. हे मी वर्गात सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "मग तिचं घर कोणतं, गुरुजी? झाड का माती?" मी उत्तर दिले नाही. घंटा झाली, असे सांगितले. घंटा खरोखरच झाली होती.

उन्हाळा गेला. मृगाचा पाऊस पडला, रोवणी सुरू झाली, आणि शाळा पुन्हा भरली. तो मुलगा आता नववीत होता. जुलैतल्या एका सकाळी तो चिखलाने भरलेल्या पायांनी धावत ओट्याशी आला आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. मला वाटले ओंजळीत काही आहे. मी वाकून पाहिले. ओंजळ रिकामी होती. तो बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून मला माप दाखवत होता.

"एवढंसं आहे, गुरुजी. गवताच्या काडीवर. शेपूट गुंडाळून." त्याला धाप लागली होती. "पाहिलं. आणलं नाही."